सिडनीच्या नव्या ट्रामवर लोक इतके का भांडले?

सिडनीच्या ट्रामबद्दल चार जणांना विचारा. विद्यापीठात शिकणारी मुलगी म्हणेल, ट्राम नसती तर रोज बसच्या रांगेत अर्धा तास गेला असता. शहराच्या मध्यातल्या जॉर्ज स्ट्रीट या मुख्य रस्त्यावर एकेकाळी दुकान चालवणारा माणूस म्हणेल, हिच्या खोदकामानं माझा धंदा बसला. मरूब्रा या पूर्वेकडच्या उपनगरातल्या आजी म्हणतील, पूर्वी घराजवळून एकच बस थेट शहरात जायची, आता मध्ये उतरून बदलावं लागतं. चौथा कोणी कर भरणारा नागरिक खर्चाचा आकडा सांगेल आणि पुढे काही बोलणार नाही.

चौघंही खरं बोलत आहेत. बातम्यांमध्ये मात्र "लोकांना ट्राम आवडली" किंवा "लोक ट्रामवर नाराज" असं एकच वाक्य येतं, आणि बाहेरून वाचणाऱ्याचा गोंधळ होतो. डिसेंबर २०२४ मध्ये पॅरामॅटाला आणखी एक मार्ग सुरू झाला आणि हीच चर्चा पुन्हा रंगली. पश्चिम सिडनीच्या त्या पट्ट्यात मराठी घरं बरीच आहेत, त्यामुळे गावाकडच्या नातेवाइकांनाही आता ट्रामच्या तक्रारी आणि कौतुक दोन्ही ऐकू येतात. हा वाद समजून घ्यायचा तर आधी ट्राम काय करते आणि कोणाकडून काय काढून घेते ते पाहावं लागेल.

लाइट रेल म्हणजे नेमकं काय?

लाइट रेल म्हणजे रस्त्याच्या पातळीवर, रस्त्यातच बसवलेल्या रुळांवरून धावणारी विजेची रेल्वे. जुन्या ट्रामचीच ही आजची आवृत्ती, म्हणून इथे मी सरळ ट्रामच म्हणणार आहे. ती मेट्रोसारखी बोगद्यातून किंवा खांबांवरून जात नाही. चौकात ती सिग्नलला थांबते, पादचारी तिच्यासमोरून रस्ता ओलांडतात, आणि फलाट पदपथापेक्षा थोडाच उंच असल्यामुळे व्हीलचेअर किंवा बाळाची गाडी जिन्याशिवाय आत नेता येते.

माणसं वाहण्याच्या क्षमतेत ती बस आणि मेट्रो यांच्या मधे बसते. सिडनीच्या जॉर्ज स्ट्रीटवरची ट्राम दोन गाड्या जोडून चालवतात. अशी जोडी ६७ मीटर लांब असते आणि तिच्यात सुमारे ४५० माणसं मावतात. दर चार मिनिटांनी एक सोडली तर तासाला १५ गाड्या, म्हणजे एका दिशेला पावणेसात हजार माणसं. दोन्ही दिशा मिळून १३,५०० हा सरकारनं सांगितलेला आकडा असाच येतो. मुंबईच्या लोकलच्या तुलनेत हे किरकोळ वाटेल. पण शहराच्या मधल्या अरुंद रस्त्यावरून तेवढी माणसं बसनं न्यायची तर बसमागे बस लागते आणि मग एकही बस हलत नाही. ट्राम येण्याआधी जॉर्ज स्ट्रीटवर संध्याकाळी हेच व्हायचं.

रस्त्याची रुंदी मात्र तेवढीच राहते. ट्रामला जागा द्यायची तर मोटारींची, पार्किंगची, बसची किंवा झाडांची जागा घ्यावी लागते. माझ्या मते ट्रामवरच्या जवळजवळ प्रत्येक मताचं मूळ इथे आहे. वाद गाडीच्या तंत्रावर क्वचितच होतो. रस्त्याची पुन्हा वाटणी होते, त्यात कोणाला मिळतं आणि कोणाचं जातं यावर होतो.

काढून टाकलेले रूळ परत का टाकले?

सिडनीत एकेकाळी ट्रामचं प्रचंड जाळं होतं. १९४५ साली तिथे ट्रामनं वर्षाला सुमारे ४० कोटी प्रवास झाले. मग मोटारी वाढल्या, ट्राम रस्ता अडवते असं मत पक्कं झालं, आणि २५ फेब्रुवारी १९६१ रोजी शेवटची ट्राम धावली. मुंबईची ट्राम त्यानंतर तीनच वर्षांनी, ३१ मार्च १९६४ ला बंद पडली, आणि तिच्याबद्दलही तेव्हा हेच म्हटलं जात होतं. त्या काळी जगातल्या अनेक शहरांनी रूळ उखडले.

१९९७ मध्ये सिडनीनं एका जुन्या मालवाहतुकीच्या रुळांवर छोटी ट्राम पुन्हा सुरू केली. रूळ आधीच होते, मोटारींची जागा फारशी जात नव्हती, म्हणून विरोधही बेताचा होता. खरी परीक्षा २०१२ च्या शेवटी आली. राज्य सरकारनं सर्क्युलर की या बंदराच्या टोकापासून जॉर्ज स्ट्रीटमार्गे सेंट्रल स्टेशन, आणि पुढे मूर पार्कवरून रँडविक आणि किंग्जफर्डपर्यंत १२ किलोमीटरचा, १९ थांब्यांचा मार्ग जाहीर केला. या मार्गावर मोठी रुग्णालयं आहेत, न्यू साउथ वेल्स विद्यापीठ आहे, घोड्यांच्या शर्यतीचं मैदान आहे आणि सिडनी क्रिकेट ग्राउंड आहे. सचिनच्या २४१ नाबादमुळे हे मैदान मराठी घरांना वेगळं सांगायला नको. यांतल्या एकाही ठिकाणी रेल्वे स्टेशन नव्हतं.

हेतूवर फार थोड्यांनी आक्षेप घेतला. राग आला तो कामाच्या पद्धतीवर.

खर्च दुप्पट कसा झाला?

सुरुवातीचा अंदाज १६० कोटी ऑस्ट्रेलियन डॉलरचा होता. २०१४ मध्ये कंत्राट देताना तो २१० कोटींवर गेला. शेवटी राज्याच्या महालेखापरीक्षकांनी २०२० मध्ये हिशेब मांडला तेव्हा तो ३१० कोटींच्या पुढे होता, म्हणजे ढोबळमानाने सतरा-अठरा हजार कोटी रुपये. मार्ग २०१९ च्या सुरुवातीला सुरू व्हायचा होता. रँडविकची शाखा १४ डिसेंबर २०१९ ला सुरू झाली आणि किंग्जफर्डची ३ एप्रिल २०२० ला, नेमक्या कोविडच्या टाळेबंदीत.

वाढ कुठून आली, हे दोन टप्प्यांत बघायला हवं. पहिली सुमारे ५५ कोटी डॉलरची वाढ मूळ आराखड्यातल्या चुकीच्या किमती आणि राहून गेलेल्या बाबींमुळे झाली, असं महालेखापरीक्षकांनी २०१६ च्याच अहवालात म्हटलं होतं. म्हणजे तो पैसा नंतर "वाढला" असं म्हणण्यापेक्षा आधीच्या आकड्यात तो धरलाच नव्हता, हे म्हणणं बरोबर. लोकांना "भाव वाढले" असं सांगितलं की ते समजून घेतात. पण पहिलाच आकडा कच्चा होता हे कळलं की विश्वास उडतो, आणि तो योग्यच उडतो.

दुसरी वाढ जमिनीखालून आली. जुन्या घराचं प्लंबिंग बदलायला घेतलं की भिंत फोडेपर्यंत आत कोणता पाइप कुठून कुठे गेलाय ते कळत नाही, आणि मिस्त्रीनं दिलेला पहिला अंदाज त्या भिंतीपाशीच संपतो. जॉर्ज स्ट्रीट ही ऑस्ट्रेलियातल्या सर्वांत जुन्या रस्त्यांपैकी एक. तिच्याखाली विजेच्या केबल, टेलिफोनच्या तारा, पाण्याचे आणि गॅसचे पाइप, जुनी विटांची गटारं असं सगळं एकावर एक होतं, आणि बऱ्याच गोष्टी नकाशात दाखवल्या त्या जागी नव्हत्या. रूळ टाकल्यावर त्याखालचा पाइप दुरुस्त करायला ट्राम बंद ठेवता येत नाही. म्हणून या वाहिन्या आधीच बाजूला हलवाव्या किंवा मजबूत कराव्या लागतात. रस्त्यातल्या ट्रामचं सर्वांत बेभरवशाचं काम हेच.

विजेच्या केबलसाठी नेमकं काय करावं लागेल याची आपल्याला चुकीची कल्पना दिली गेली, असा आरोप करत आक्सिओना या स्पॅनिश बांधकाम कंपनीनं सरकारवर दावा लावला. जून २०१९ मध्ये ५७.६ कोटी डॉलरपर्यंतची तडजोड होऊन तो मिटला. रँडविकला ट्राम उभ्या करायच्या जागेवर खोदताना वीस हजारांहून जास्त आदिवासी दगडी अवजारं सापडली. ती महत्त्वाची होती आणि त्यांच्यासाठी थांबणं आवश्यकच होतं. पण ज्या वेळापत्रकात असं काही सापडू शकेल याची सोयच ठेवलेली नसते, ते पहिल्याच धक्क्यात कोलमडतं.

दुकानदारांचं म्हणणं

सगळ्या वादात मला सर्वांत जास्त अस्वस्थ करणारा भाग हा आहे.

ऑक्टोबर २०१५ मध्ये जॉर्ज स्ट्रीट खोदायला सुरुवात झाली. मार्गाचे ३१ तुकडे केले होते आणि प्रत्येक तुकड्यात काम किती दिवस चालेल ते जाहीर केलं होतं. त्यावर विसंबून दुकानदारांनी बेत केले. काहींनी भाडेकरार पुढे चालू ठेवले, काहींनी नोकर कमी केले आणि कर्ज काढून तो काळ ओढून न्यायचं ठरवलं. पण कित्येक तुकड्यांत काम जाहीर तारखेच्या कितीतरी पुढे चाललं. दारासमोर पत्र्याचं कुंपण, आवाज, धूळ, आणि गिऱ्हाईकाला दुकान दिसतच नाही अशी अवस्था. गिरगाव-काळबादेवीत मेट्रो ३ च्या खोदकामाच्या वर्षांत पत्र्यांमागे गेलेली दुकानं ज्यांनी पाहिली असतील त्यांना हे वेगळं समजावून सांगावं लागणार नाही.

सरकारनं छोट्या दुकानदारांसाठी भाड्याची मदत सुरू केली, पण उशिरा, आणि ती प्रत्येकाच्या नुकसानीला पुरेशी नव्हती. २०१८ मध्ये दुकानदारांनी सामूहिक दावा लावला. सामूहिक दावा म्हणजे एकाच प्रकारचं नुकसान झालेल्या अनेकांनी मिळून लढलेला खटला. त्यांचा मुद्दा साधा होता. सार्वजनिक कामाचा थोडा त्रास सगळ्यांनी सोसायचा असतो हे मान्य, पण वाजवीपेक्षा जास्त काळ आमच्या जागेचा वापरच आम्हाला करता आला नाही तर तो त्रास कोणाच्या खात्यावर टाकायचा? राज्याच्या न्यायालयानं जुलै २०२३ मध्ये त्यांच्या बाजूनं निकाल दिला, २०२४ मध्ये अपील न्यायालयानं तो फिरवला, आणि प्रकरण देशाच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं.

जाणकारांमध्येही या निकालांवर मतभेद आहेत. सरकारला प्रत्येक खोदकामासाठी भरपाई द्यावी लागली तर कोणताच रस्ता, कोणतीच जलवाहिनी होणार नाही, असं एक बाजू म्हणते. मला ते पटत नाही. भरपाईची रक्कम प्रकल्पाच्या खर्चात पहिल्या दिवसापासून धरली, तर काम वेळेत संपवण्याचं दडपण कंत्राटदारावर आणि सरकारवर येतं. ती धरली नाही तर उशिराचा भुर्दंड सर्वांत छोट्या खिशातून जातो.

"इतका खर्च करून बसपेक्षा हळूच?"

ट्राम सुरू झाल्यावर पहिल्या आठवड्यांत हाच आक्षेप सर्वांत जास्त ऐकू आला. पहिल्याच दिवशी एक गाडी सर्क्युलर कीला बंद पडली. आणि रँडविकपर्यंतच्या प्रवासाला ३५ ते ४० मिनिटं लागतील असं वाटत असताना सुरुवातीला ५० मिनिटांच्या आसपास लागत होती. थट्टा झाली, आणि तक्रारीत तथ्यही होतं.

कारण समजायला सोपं आहे. ट्राम स्वतःच्या रुळांवर चालते, पण चौक सगळ्यांचा असतो. ६७ मीटरची गाडी दर दुसऱ्या चौकात लाल दिव्याला थांबली तर तिचा वेग सायकलइतका होतो. यावरचा उपाय म्हणजे सिग्नल अग्रक्रम. ट्राम जवळ आली हे सिग्नलला कळतं आणि तो तिच्यासाठी हिरवा लवकर लावतो किंवा थोडा जास्त वेळ हिरवा ठेवतो. गंमत म्हणजे वाहतुकीनुसार सिग्नलच्या वेळा आपोआप बदलणारी स्कॅट्स ही यंत्रणा सिडनीतच १९७० च्या दशकात तयार झाली आणि आज जगभर वापरली जाते. तंत्राची कमतरता नव्हतीच. प्रश्न असा होता की ट्रामला पाच सेकंद दिले तर आडव्या रस्त्यावरच्या मोटारींचे आणि चौकात उभ्या असलेल्या पादचाऱ्यांचे पाच सेकंद जातात. ते कोणाचे काढायचे हा धोरणाचा निर्णय असतो.

पुढच्या महिन्यांत चालक सरावले, सिग्नलच्या वेळा सुधारल्या आणि प्रवासाची वेळ ४० मिनिटांच्या आत-बाहेर आली. तरीही जॉर्ज स्ट्रीटच्या पादचारी भागात ती मुद्दाम हळू चालते. तिथे माणसं रुळांवरूनच चालतात आणि ट्रामला जवळपास आवाज नसतो. त्या भागात वेग वाढवा असं म्हणणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावं. ट्रामखाली माणसं जखमी झाल्याच्या आणि मृत्यूच्याही घटना सिडनीत घडल्या आहेत.

एक तांत्रिक गोष्ट इथेच सांगतो, कारण तिच्यावरही बरंच बोललं गेलं. सर्क्युलर की ते टाउन हॉल या भागात ट्रामच्या वर विजेच्या तारा नाहीत. वीज दोन रुळांच्या मधल्या पट्टीतून मिळते, आणि गाडी ज्या तुकड्यावर असते तेवढाच तुकडा जिवंत होतो, त्यामुळे त्यावर पाय पडला तरी धोका नाही. फ्रान्सच्या बोर्दो शहरात २००३ मध्ये ही पद्धत पहिल्यांदा वापरली गेली. जुन्या इमारतींसमोरचं दृश्य मोकळं राहावं म्हणून जास्त खर्च केला, तो योग्य होता का यावर मतं वेगवेगळी असू शकतात. रस्ता मात्र सुंदर दिसतो, यात शंका नाही.

"माझी थेट बस होती, ती गेली"

ट्राम आणली की तिला समांतर धावणाऱ्या बस कमी करतात. खर्चाचं गणित त्यावरच उभं असतं, कारण एका चालकामागे ४५० माणसं नेता येत असताना त्याच रस्त्यावर पन्नास-साठ जणांच्या बस चालू ठेवणं परवडत नाही. २०२१ च्या अखेरीस पूर्व उपनगरांतले अनेक बसमार्ग बंद झाले किंवा तोडून ट्रामच्या थांब्यापर्यंतच ठेवले गेले. रहिवाशांनी निवेदनं दिली, सभा घेतल्या.

विद्यापीठाच्या मुलांना याचं नवल वाटलं, कारण त्यांचा अनुभव उलटा होता. सेंट्रल स्टेशनबाहेर ८९१ क्रमांकाच्या बससाठी पूर्वी पदपथभर रांग लागायची. आता विद्यापीठाला दोन वेगवेगळ्या शाखांवर दोन थांबे आहेत आणि गाडी काही मिनिटांत येते. क्रिकेटच्या किंवा फुटबॉलच्या सामन्यानंतर मूर पार्कला हजारो माणसं अर्ध्या-पाऊण तासात हलतात, तेव्हा तर ट्रामचं महत्त्व सांगावंच लागत नाही.

पण मरूब्राच्या आजींचं म्हणणं हसण्यावारी नेऊ नये. वाहतूक आखणारे लोक एकूण वेळ मोजतात: दहा मिनिटं बस, तीन मिनिटं थांबणं, पंचवीस मिनिटं ट्राम. सत्तरीतल्या माणसासाठी पिशव्या घेऊन उतरणं, रस्ता ओलांडणं, पावसात उभं राहणं आणि पुन्हा चढून बसायला जागा मिळते का बघणं, याचा हिशेब मिनिटांत होत नाही. सरासरी प्रवासी फायद्यात असेल, पण ज्याच्या पायांत जोर कमी आहे त्याला तोटा झाला. मतांच्या पाहण्यांत हा माणूस बहुधा "इतर" या रकान्यात जातो. थेट जाणाऱ्या थोड्या बस, निदान दुपारच्या वेळी, रुग्णालयांच्या मार्गावर ठेवता आल्या असत्या असं माझं मत आहे.

झाडांचंही असंच. अँझॅक परेड आणि ॲलिसन रोड या रस्त्यांवरची शंभरेक वर्षांची वडाच्या जातीची झाडं पडली तेव्हा त्या भागातली माणसं रात्री मेणबत्त्या घेऊन उभी राहिली. नवी झाडं लावली गेली, जास्त संख्येनं. रोपट्याची सावली पडायला मात्र एक पिढी जावी लागते.

मग मेट्रोच का नाही केली?

हा प्रश्न भारतीय पाहुणे हमखास विचारतात, आणि तो रास्त आहे. सिडनीनं मेट्रोही केली. शहराखालून जाणारा तिचा भाग ऑगस्ट २०२४ मध्ये सुरू झाला, वेग आणि गर्दी दोन्हीत तिनं ट्रामला सहज मागे टाकलं, आणि लोकांनी तिचं कौतुक केलं. पण ३० किलोमीटरच्या त्या प्रकल्पाचा खर्च दोन हजार कोटी डॉलरच्या वर गेला. किलोमीटरमागे हिशेब केला तर महागडी ठरलेली ट्रामही तिच्या अर्ध्याहून कमीत पडते.

शिवाय दोघींची कामं वेगळी आहेत. मेट्रोची स्टेशनं लांब लांब असतात आणि खाली उतरायला वेळ जातो. ती पंधरा-वीस किलोमीटर अंतरासाठी. ट्राम दोन-पाच किलोमीटरसाठी, रुग्णालयाच्या दारात उतरण्यासाठी. दोन्हीचा एकच निकष लावून "मेट्रो जिंकली" असं म्हणण्यात फारसा अर्थ नाही. मात्र ज्या रस्त्याखाली इतक्या वाहिन्या होत्या त्याच रस्त्यावर ट्राम आणण्याआधी चाचणीचे खड्डे आणखी घ्यायला हवे होते, हा आक्षेप राहतोच.

पॅरामॅटाचा मार्ग

२० डिसेंबर २०२४ ला सुरू झालेला मार्ग वेस्टमीडपासून पॅरामॅटामार्गे कार्लिंगफर्डपर्यंत १२ किलोमीटरचा आहे, १६ थांब्यांचा. वेस्टमीडची दोन मोठी रुग्णालयं, पॅरामॅटाचं स्टेडियम, रायडलमीरचं विद्यापीठ त्यावर येतं. या भागात भारतीय कुटुंबं भरपूर, हॅरिस पार्कची खाऊगल्ली शेजारीच. त्यामुळे इथल्या मतांत आपल्या लोकांचंही मत आहे.

इथेही जॉर्ज स्ट्रीटची काही दुःखं पुन्हा झाली. चर्च स्ट्रीटवर हॉटेलांची रांग आहे. तिथल्या मालकांनी आधी खोदकाम आणि मग कोविड असा दुहेरी मार खाल्ला. कार्लिंगफर्डकरांचं गाऱ्हाणं वेगळं होतं. त्यांच्याकडे जुनी रेल्वे होती, एकाच रुळाची आणि तुरळक गाड्यांची. ती जानेवारी २०२० मध्ये बंद केली, आणि ट्राम येईपर्यंत जवळपास पाच वर्षं त्यांनी बदली बसवर काढली. आता दिवसा साडेसात मिनिटांनी गाडी येते. पण सिडनी शहरात नोकरीला जाणाऱ्याला ती पॅरामॅटापर्यंतच नेते, पुढे ट्रेन बदलावी लागते. रुग्णालयात काम करणाऱ्या परिचारिकेला विचारलं तर ती खूश, शहरातल्या बँकेत जाणाऱ्याला विचारलं तर तो खांदे उडवतो.

मत बदललं, म्हणजे नेमकं काय बदललं?

आज जॉर्ज स्ट्रीटच्या मधल्या भागातून मोटारी गेल्या आहेत. लोक बाकांवर बसून डबा खातात, मुलं पळतात, हॉटेलांची टेबलं बाहेर आली आहेत. शहराच्या मार्गावर वर्षाला दोन कोटींहून जास्त प्रवास होतात. पूर्वी कडाडून टीका करणारेही आता रस्ता छान झाला असं मान्य करतात. यावरून बरेच जण म्हणतात की असे प्रकल्प रेटून नेले पाहिजेत, लोक नंतर गप्प बसतात.

हा निष्कर्ष मला चुकीचा वाटतो. आज जॉर्ज स्ट्रीटवर जो दुकानदार मत देतो, तो टिकलेला तरी असतो किंवा नंतर आलेला. मधल्या वर्षांत ज्यांनी गाळा सोडला ते आता तिथे नाहीत, त्यांना कोणी विचारत नाही. २०१७ चा राग आणि २०२४ चं समाधान यांतली बरीचशी माणसंच वेगवेगळी आहेत. म्हणून समाधानाची टक्केवारी वाढली याचा अर्थ जुनं नुकसान भरून निघालं असा होत नाही.

नुकसान कमी करता येतं का? स्कॉटलंडच्या एडिनबर्गकडे पाहिलं तर येतं. तिथली ट्राम २०१४ मध्ये सुरू झाली तेव्हा ती कित्येक वर्षं उशिरा आणि ७७ कोटी ६० लाख पौंड खर्चून झाली होती, मूळ मार्गाचा एक तुकडा तर सोडूनच द्यावा लागला होता. तिच्यावर न्यायिक चौकशी बसली आणि अहवाल यायला २०२३ उजाडलं. पण तोच राहिलेला न्यूहेवनचा तुकडा नंतर पूर्ण करताना शहरानं पद्धत बदलली. रस्ता एका भागात एकदाच पूर्ण रुंदीनं उघडायचा, खालच्या सगळ्या वाहिन्या एकाच वेळी हलवायच्या, आणि पुन्हा त्या जागी खोदायचं नाही. जून २०२३ मध्ये तो भाग सुरू झाला, आणि पहिल्या वेळची नाचक्की पुन्हा झाली नाही.

आपल्या शहरांसाठी यात काय आहे?

केंद्र सरकारनं २०१९ मध्ये मेट्रोलाइट या नावानं हलक्या रेल्वेचे निकष जाहीर केले, मध्यम आकाराच्या शहरांसाठी. २०२१ च्या अर्थसंकल्पात नाशिकच्या मेट्रो निओसाठी, म्हणजे वरच्या तारेवर चालणाऱ्या रबरी चाकांच्या गाडीसाठी, २,०९२ कोटी रुपये जाहीर झाले होते. ठाण्यात अंतर्गत वर्तुळाकार मार्गासाठी हलक्या रेल्वेचा विचार झाला, पण ऑगस्ट २०२४ मध्ये मंजुरी मिळाली ती २९ किलोमीटरच्या, बहुतांश खांबांवरच्या, १२,२०० कोटींच्या मेट्रोला. रस्त्यावरून जाणारी गाडी आपल्याकडे आज ना उद्या कुठल्यातरी शहरात येईल, आणि तेव्हा हरकती-सूचना मागवल्या जातील.

तेव्हा विचारण्यासारखे प्रश्न सिडनीनं तयार करून ठेवले आहेत. जमिनीखालच्या वाहिन्या प्रत्यक्ष खड्डे घेऊन तपासल्या की जुन्या नकाशावरून धरल्या? चौकात गाडीला अग्रक्रम देणार हे वाहतूक पोलिसांनी लेखी मान्य केलंय का? कोणत्या बस बंद होणार, आणि रुग्णालयाला थेट जाणारी त्यांत आहे का?

भरपाईच्या प्रश्नावर मात्र सिडनीचा धडा आपल्याला पुरा पडत नाही. तिथे दावा लावणाऱ्यांकडे भाडेकरार होते, विक्रीच्या नोंदी होत्या, तरी त्यांना वर्षानुवर्षं कोर्टात उभं राहावं लागलं. आपल्या बाजाररस्त्यावर पगडीचे गाळे असतात, गाळ्यापुढे ओट्यावर बसणारा शिंपी असतो, पदपथावर भाजी-फुलं विकणाऱ्या बायका असतात. पथविक्रेत्यांसाठी २०१४ चा कायदा आहे आणि त्यात सर्वेक्षणाची तरतूदही आहे. ते सर्वेक्षण त्या रस्त्यापुरतं तरी खोदकामाआधी पूर्ण करून यादी जाहीर करायला हवी, कारण एकदा पत्रे लागले की तिथे कोण बसत होतं हे दाखवायला त्या बायकांकडे कोणताच कागद नसतो.